ऐकण्याचा रकाना

साहेब तीन आठवड्यांची रजा संपवून समुद्रकाठाहून परत आले, तेव्हा त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांसाठी एकेक शंख आणला होता. माझ्या टेबलावर ठेवला तो जरा मोठा. "कानाला लाव," म्हणाले, "पाण्याचा आवाज येतो. मन शांत होतं." मी शंखाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि दोघांत मोठा कोण ते मनातल्या मनात ठरवून टाकलं. पाण्याचा आवाज ऐकायला मला शंख लागत नव्हता. छप्पन्न दिवस तो माझ्या कानातच होता.

मला ऑफिसात 'कान' म्हणतात. आमची मदत संस्था. पूर, भूकंप, आग, जिथे माणसं उघड्यावर पडतील तिथे आमच्या गाड्या जातात. मी मात्र कुठेच जात नाही. बारा वर्षं मी पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या वायरलेसच्या खोलीत बसते. पूर्वी तिथे झाडू आणि फिनेलचे कॅन ठेवायचे. ओल आली की अजून वास येतो. टेबलावर माईक, शेजारी सगळं बोलणं टिपून ठेवणारं जुनं यंत्र, आणि एक जाड वही.

दर तासाला मी चारही गाड्यांची हजेरी घेते. "एक, ठीक?" "एक ठीक." असं चारपर्यंत. त्या वेळी ऑफिसच्या प्रत्येक खोलीतल्या स्पीकरवर आमचा आवाज जातो. ठीक म्हणजे गाडी चालू आहे, माणसं मोजून तितकीच आहेत, ठिकाण ठाऊक आहे. बस्स. सकाळी ढिगाऱ्याखालून कुणाला तरी तुकड्यातुकड्यांनी काढलं आणि दुपारी डबा उघडवत नाहीये, तरी ठीकच म्हणायचं. उत्तर आलं नाही तर तीनदा हाक मारायची, मध्ये अर्धा अर्धा मिनिट सोडायचा, आणि मग वहीत लिहायचं, 'उत्तर नाही'. शंख आला त्या दिवसापर्यंत बारा वर्षांत हे दोन शब्द मी एकदाच लिहिले होते.

तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला मी 'सावकाश' नाव ठेवलं होतं, कारण तो सायकलवाल्यांनासुद्धा हात करून पुढे जाऊ द्यायचा. मला 'कान' म्हणायला सुरुवात त्यानेच केली. एकदा त्याच्या खोकल्यावरून मी ओळखलं होतं की हा औषध घेत नाहीये. हजेरीला तो कधी नुसतं ठीक म्हणाला नाही. "तीन ठीक, सावकाश," असंच म्हणायचा. नियमात बसत नव्हतं ते. मी कधी टोकलं नाही.

त्या दिवशी तो एकटाच होता, मागे तंबू भरलेले. नदीपलीकडच्या छावणीत पोचवायचे होते. चारला दहा कमी असताना त्याचा आवाज आला. "केंद्र, तीन. पूल दिसत नाहीये, नुसते कठडे दिसतायत. मी परत फिरतो. सकाळी पाणी उतरलं की जातो."

आता माझी चूक सांगते. माईकला एक बटण असतं. ते दाबून धरलं की मी बोलते आणि सगळे ऐकतात. पण जोवर ते दाबलेलं आहे तोवर दुसऱ्या कुणाचा आवाज पोचत नाही. म्हणून शिकवताना पहिल्याच दिवशी घोकून घेतात, बोल आणि सोड. मी "थांब, विचारते" म्हणाले आणि खुर्ची वळवली. साहेब मागे उभेच होते. माझा अंगठा बटणावरच राहिला.

"साहेब, तीन परत फिरतो म्हणतोय."

"परत? उद्या सकाळी पाहुणे येणार आहेत, फोटो आहेत. तंबू उभे दिसायला पाहिजेत मला."

"पण पाणी चढतंय, साहेब."

"दर वेळी याचं काहीतरी असतंच. त्याला म्हणावं, नाटकं पुरे. पोचवल्याशिवाय तोंड दाखवू नकोस म्हणावं."

"साहेब, कठडेच दिसतायत म्हणे..."

"तू माईकवाली आहेस. सांगितलं तेवढं बोल."

मी वळले आणि अंगठ्याकडे लक्ष गेलं. चाळीस सेकंद. नंतर मी कितीदा तरी मोजले, चाळीसच भरतात. त्याने एक एक शब्द ऐकला होता. आणि त्या चाळीस सेकंदांत तो काही म्हणाला असेल, मागचा रस्ता खचतोय, गाडी वळवायला जागा नाही, काहीही, तर ते हवेतच विरलं. बटण सुटलं तेव्हा फक्त शेपूट ऐकू आलं. "...ऐकलं मी. निघालो."

तीन मिनिटांनी त्याचं बटण दाबलं गेलं ते सुटलंच नाही. त्याचं बटण दाबलेलं, म्हणून मला त्याच्याशी बोलता येईना. अकरा मिनिटं मी नुसती ऐकत होते. वायपरचा आवाज, पाणी, आणि गाडीला चुचकारणारा तो. त्यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. मध्येच चार वाजले. मी तीनदा हाक मारली, ती त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असून, आणि वहीत दोन शब्द लिहिले.

दुसऱ्या दिवशी साहेब पुलावर गेले आणि क्रेनने गाडी वर काढताना बघून आले. पुढच्या आठवड्यात त्यांनी अहवाल लिहिला. 'केंद्राशी संपर्क अस्पष्ट होता. चालकाने स्वतःच्या जबाबदारीवर पूल ओलांडला. ध्वनिमुद्रण ऐकण्याजोगे नाही.' ध्वनिमुद्रण अगदी लख्ख होतं. साहेबांना एवढंच माहीत होतं की यंत्र साठ दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं टिपतं. साठ दिवस काढायचे होते फक्त.

मला काय होत होतं ते घरात आधी कळलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, माणूस शांत. एका सकाळी त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. निळं झालं होतं. "माझ्या हाताला बटण बसवलंय का गं?" म्हणाले. झोपेत मी त्यांचं मनगट धरून अंगठ्याने दाबत होते म्हणे, आणि आकडे मोजत होते. मग चमचा, कुलूप, नळाची तोटी, हाताला लागेल ते माझा अंगठा दाबून धरायला लागला. नळ सोडला की मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायची. भांडी हे घासायला लागले. काही विचारलं नाही, तेच बरं केलं.

संस्थेने समुपदेशक बाई बोलावल्या होत्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, बोलायला गोड. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता आणि पहिलाच प्रश्न होता, 'घटना प्रत्यक्ष पाहिली का?'

"नाही," मी म्हटलं. "ऐकली."

त्यांनी पेन उचललं, फॉर्म खालपर्यंत पाहिला, उलटा करून पाहिला. "ऐकण्याचा रकाना नाहीये हो यात. पहिल्याला नाही आलं की रजा मंजूर होत नाही. मी वरती कळवते." बिचारीचे कान लाल झाले. मला तिने श्वास मोजायचा कागद दिला. मोजणं तर मला येतच होतं, चाळीसपर्यंत.

साहेबांनी मात्र पुलावर जाऊन प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्यांचा फॉर्म भरला गेला, मनाला धक्का बसल्याचं लिहून आलं आणि तीन आठवडे समुद्र. हे मला कळलं त्या दिवशी माझा राग पहिल्यांदा नीट बसला. तोवर तो घरभर सांडत होता, यांच्यावर, नळावर, माझ्या अंगठ्यावर. आता त्याला पत्ता मिळाला. लोक म्हणतात राग माणसाला पोखरतो. खोटं बोलतात. त्या रात्री मी अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा सलग झोपले.

शंख ठेवून झाल्यावर साहेब लगेच गेले नाहीत. दार ढकलून घेतलं. "तीन दिवसांनी चौकशी समिती येतेय. तुलाही विचारतील. नीट विचार करून बोल. टेप म्हटली तर त्यात तूही आहेस ना? बटण कुणाच्या बोटाखाली होतं, चाळीस सेकंद त्याचा आवाज कुणी दाबला, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? मी तुझ्या काळजीने म्हणतोय."

म्हणजे त्यांनी टेप ऐकली होती. सेकंदसुद्धा मोजले होते. मी म्हटलं, "हो साहेब, विचार करते." आणि खरंच केला.

फोनवर टेपची नक्कल करून ठेवणं सोपं होतं. केलीही होती, तिसऱ्याच दिवशी. पण ती कुणाला द्यायची? कुणाच्या तरी खणात जाऊन पडली असती. आणि खरं सांगायचं तर मला नुसता न्याय नको होता. या माणसाने ऐकावं, सगळ्यांसमोर ऐकावं, आणि ऐकताना त्याला कुठे पळता येऊ नये, एवढं मला हवं होतं.

पण त्याआधी एका माणसाला विचारायला हवं होतं. सत्तावन्नाव्या दिवशी मी सावकाशच्या घरी गेले. वहिनी, म्हणजे त्याची बायको, कपड्यांना इस्त्री करायचं काम करते. पुढच्या खोलीत टेबल, बाजूला लोकांच्या कपड्यांची गाठोडी, दाराशी त्याच्या चपला तशाच. "या ताई, बसा," म्हणाल्या. कॉलर दाबता दाबता सांगत होत्या. लोक तोंडावर बोलतात म्हणे, नाव सावकाश आणि पुलावर घोडं दामटलं. मुलीला वर्गात कुणी तरी हसलं. "मला एकच कळत नाही ताई. हा माणूस रिकाम्या रस्त्यावर हॉर्न द्यायचा. त्याने असं कसं केलं? मला तो कळलाच नव्हता का?"

मी सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले ते, शेवटची अकरा मिनिटं टेपवर आहेत ते, आणि मग चाळीस सेकंदही. ते सांगणं टाळता आलं असतं. बसमध्ये मी टाळायचं ठरवलंही होतं.

वहिनींनी इस्त्री उभी केली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. बोलल्या तेव्हा अहो-जाहो संपलेलं होतं.

"तो काय म्हणत होता मधे?"

"माहीत नाही, वहिनी. ते टेपवरही नाही."

"कधीच कळणार नाही?"

"नाही."

"त्या साहेबाला ऐकव," त्या म्हणाल्या. "सगळ्यांदेखत ऐकव. त्याच्या तोंडचं त्याला ऐकव. शेवटची अकरा मिनिटं मला ऐकवू नकोस, कुणालाच ऐकवू नकोस. आणि तुझंही मी सोडणार नाहीये. पण आधी तो."

मी हो म्हणाले. त्यांनी मला पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझ्याने प्यायलं गेलं नसतं.

एकोणसाठाव्या दिवशी समिती आली. खालच्या हॉलमध्ये दोघं जण, जाड चष्म्याचे एक आणि लिहून घेणारे एक. साहेब त्यांच्या शेजारी, कमरेला वायरलेसचा हँडसेट. अकराला मला बोलावलं. मी सुरुवात केली तोच चष्मेवाले म्हणाले, "आपण प्रत्यक्ष पाहिलंत का?"

मला हसूच आलं. "नाही. ऐकलं."

"म्हणजे ऐकीव," ते म्हणाले, आणि शेजारच्यांनी तसं लिहिलं.

"टेप आहे. ऐका ना. वर चला, दहा पावलांवर आहे."

"ती अस्पष्ट आहे, मी स्वतः तपासलीय," साहेब हळुवारपणे म्हणाले. "ही फार मानसिक ताणाखाली आहे. चांगली मुलगी आहे." माझं वय त्रेचाळीस.

चष्मेवाल्यांनी मान हलवली. साडेचारला अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. वहिनींनाही बोलावलं होतं, निष्कर्ष वाचून दाखवायला.

चारला पाच कमी असताना वहिनी जिना चढून माझ्या खोलीत आल्या. मी दाराला आतून कडी घातली. त्या स्टुलावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि हात मांडीवर ठेवले. मी यंत्र चारला दहा कमीवर आणून ठेवलं होतं. घड्याळात चार झाले. इमारतभर स्पीकर जागे झाले. बाहेर तीन गाड्या हजेरीची वाट बघत होत्या. तीन नंबरची नवी गाडी अजून आलेली नव्हती.

मी बटण दाबलं. एकोणसाठ दिवस माझा अंगठा चमचे आणि मनगटं दाबत होता, त्याला आज हवी ती जागा मिळाली. म्हटलं, "केंद्र. हजेरीआधी सगळ्यांनी ऐकायचं आहे." आणि यंत्राचा स्पीकर माईकला लावला.

"केंद्र, तीन. पूल दिसत नाहीये..."

वहिनींनी डोळे मिटले. नवऱ्याचा आवाज त्या दोन महिन्यांनी ऐकत होत्या. खालून, हॉलमधून, तोच आवाज पाव क्षण उशिरा वर येत होता. मग माझा आवाज, मग साहेबांचा. फोटो आहेत. तंबू उभे दिसायला पाहिजेत. नाटकं पुरे. खाली खुर्ची पडल्याचा आवाज आला. हॉलमधून त्यांनी हँडसेट तोंडाशी धरला असणार, ओरडले असणार. पण बटण माझं दाबलेलं होतं. कुणाला काही ऐकू गेलं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली.

दारावर धडका बसल्या. "बटण सोड! सोड म्हणतो ते!" मी सोडलं नाही. "नोकरी घालवीन तुझी! आणि ही टेप कशाला लावलीस? उद्या आपोआप पुसली गेली असती ती!"

दोन महिन्यांपूर्वी ते माझ्या मागे उभे राहून बोलले होते आणि सगळं हवेवर गेलं होतं. आजही गेलं. हॉलमधल्या स्पीकरवरून त्यांचंच ओरडणं परत वर आलं, तेव्हा ते दाराबाहेर गप्प झाले. कळलं त्यांना. त्यांचा चेहरा बघायची मला केवढी हौस होती! पण मी काही पाहिलं नाही. श्वास तेवढा ऐकला, आखूड आणि भरभर. रजेवर शिकलेलं काही उपयोगी पडत नव्हतं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, त्याची लाज वाटत नाही.

"...ऐकलं मी. निघालो."

तिथे मी यंत्र बंद केलं. कबूल केलं होतं तसं. अंगठा उचलला. मग मी हजेरी घेतली, कारण चार वाजून गेले होते आणि गाड्या रस्त्यावर होत्या.

"एक, ठीक?"

"एक. ऐकलं."

"दोन, ठीक?"

"दोन. ऐकलं."

"चार?"

"ऐकलं," चार म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं.

साहेबांच्या हँडसेटला आमच्यात 'मुख्य' म्हणतात. त्यांची हजेरी घ्यायची पद्धत नाही. मी बटण दाबलं. "मुख्य, ठीक?" माझाच आवाज दाराच्या पलीकडून, त्यांच्या कमरेवरून आला. मी अर्धा मिनिट सोडला. "मुख्य, ठीक?" पुन्हा अर्धा मिनिट. "मुख्य, ठीक?" खाली कुणी तरी त्यांना हाक मारत होतं, चष्मेवाले असावेत. ते हलल्याचा आवाज आला नाही.

मी वही ओढली, तारीख आणि वेळ घातली, आणि लिहिलं, 'मुख्य. उत्तर नाही.'

वहिनी स्टुलावरून उठून माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ती ओळ वाचली. मग वहीवर, त्या ओळीच्या खाली, बोट ठेवलं.

"आता तुझं लिही."

मी लिहिलं. दोन महिन्यांपूर्वीची तारीख, चारला दहा कमी. 'केंद्राचं बटण दाबलेलं राहिलं. चाळीस सेकंद. बोट माझं.' शेवटच्या शब्दाशी पेन अडखळलं, तरी त्यांनी बोट काढलं नाही. खाली सही केली.

वहिनींनी वही बंद करून काखेत घेतली, कडी काढली, आणि साहेबांकडे न बघता जिना उतरून हॉलमध्ये गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले.